खंडेनवमीला अडकलेलं पत्र

तुर्भ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका लेथच्या गाळ्यावर पोटमाळा होता, आणि त्या पोटमाळ्यावर आमचा कॉम्प्युटर. तो इतका संथ होता की त्याला काही विचारावं, खाली उतरावं, नाक्यावर कटिंग घ्यावी, चहावाल्याच्या मेव्हणीच्या लग्नाची अख्खी बोलणी ऐकावीत आणि वर यावं, तर तो नुकता घसा खाकरत असायचा. नव्वदीची शेवटची वर्षं ती. माझ्या बोलण्यावर तेव्हाही कोणी विश्वास ठेवत नसे, पण या गोष्टीत मी वाढवलेलं फार तर निम्मं आहे.

त्या पोटमाळ्याची आठवण येते ती नेहमी दुपारची. छपरात एक पत्रा हिरवट प्लास्टिकचा होता. त्यातून ऊन गाळून यायचं आणि आम्ही पाण्याखाली बसून काम करतोय असं वाटायचं. खाली लेथ एकाच सुरात घरघरत असायचा. लोखंडाच्या किसाचा, तेलाचा वास. झरोक्यातून खाडीची बोटभर पट्टी दिसायची. भरतीला चकाकायची, ओहोटीला विझायची. त्या घरघरीत मी कित्येकदा उघड्या डोळ्यांनी झोपलोय, आणि झोपेत कामही केलंय. ते काम जास्त बिनचूक व्हायचं.

गाळा काकांचा. काका साताऱ्याकडचे, मिशी अशी की तिच्यावर लिंबं ठेवून बाजाराला जावं. पोटमाळ्याचं भाडं त्यांनी आमच्याकडून कधी घेतलं नाही. "पोरं वर बसून टकटक करत्यात, उंदरं तरी पळतील," म्हणायचे. माझा भागीदार उरणजवळच्या मोऱ्याचा, कोकणी मुसलमान घरातला, माझ्याच वयाचा. तोंड माझं, डोकं त्याचं, अशी आमची वाटणी होती.

धंदा सोपा होता. आखातात आणि जहाजांवर गेलेल्या माणसांची पत्रं ईमेलने आमच्याकडे यायची. ज्यांच्या नावाची ती असत, ते गावागावांतून, बस बदलत आमच्याकडे यायचे, आणि आम्ही त्यांना पत्र वाचून दाखवायचो. भागीदाराने एक नियम घालून दिला होता. पत्र ज्याच्या नावाचं, त्याच्यासमोरच ते पहिल्यांदा उघडायचं. "पोस्टमन पाकीट फोडतो का?" असं तो विचारायचा. त्याचे स्वतःचे वडील मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांची पत्रं आईच्या नावाने यायची, आणि पोरगा तीसुद्धा आई येईपर्यंत उघडत नसे.

त्या नवरात्रात माझ्या डोक्यात शिरलं की आपल्या मशीनची सगळी सिस्टिम नवी करायची. नवी आवृत्ती एका सीडीवर माझ्या हाती लागली होती. पण ती तयार मिळत नव्हती. म्हणजे असं की, दुकानातून पीठ आणायचं नाही. गहू आणायचे, निवडायचे आणि घरच्या जात्यावर दळायचे. आमचं जातं तीन दिवस तीन रात्री दळत होतं. पंख्याचा सूर लागला होता. मी त्याच्याजवळ पाठ टेकून बसायचो आणि मला वाटायचं, आत कुठेतरी एक गाव उभं राहतंय. आधी विहीर, मग वाटा, मग घरं. तिसऱ्या दिवशी तर मला आतल्या कोंबड्यासुद्धा ऐकू आल्या.

दळून झालं की ते जुन्याच्या जागी नेऊन बसवायचं. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरमधले बरेचसे छोटे प्रोग्रॅम स्वतः स्वयंपाक करत नाहीत. ते सगळे एकाच खानावळीत जेवतात. तिला लायब्ररी म्हणतात. प्रत्येक पदार्थाला तिथे एक ठरलेलं नाव असतं, त्याला सिंबल म्हणतात. प्रोग्रॅम येतो, नाव घेतो, ताट मिळतं. नवे प्रोग्रॅम येताना एका नव्या पदार्थाचं नाव पाठ करून आले होते. तो पदार्थ नव्या खानावळीत होता, जुनीत नव्हता. म्हणून सूचनांच्या कागदावर पहिलीच ओळ होती, की आधी नवी खानावळ उघडा, मग तिथे जेवणारे मेंबर, म्हणजे प्रोग्रॅम, बदला.

मी ती ओळ वाचली होती. शपथेवर सांगतो. पण तो दिवस खंडेनवमीचा होता.

सकाळपासून खाली काकांची पूजा चालली होती. सगळी हत्यारं धुऊन पुसून चौरंगावर. काकांचा क्रम ठरलेला: आधी लहान लहान पाने, कानशी, कॅलिपर, मग ड्रिल, आणि सगळ्यात शेवटी, नारळ फोडून, लेथ. "थोरल्याचा मान शेवटी," हे ते दर वर्षी त्याच जागी उभे राहून म्हणत. मी वरून बघत होतो. धूप वर येत होता, हिरव्या उजेडात त्याच्या गाठी होत होत्या, तीन रात्रींचं जागरण डोळ्यांत होतं, आणि माझे हात आपोआप काकांच्या तालावर चालू लागले. त्यांनी कानशीला कुंकू लावलं, मी यादी दाखवणारा प्रोग्रॅम बदलला. त्यांनी कॅलिपरवर फूल ठेवलं, मी फायली उचलून ठेवणारा बदलला. मग हलवणारा, मग पत्रं वाचणारा. लायब्ररी सगळ्यांत थोरली. तिचा मान शेवटी!

इतक्यात फोनच्या तारेवरून येणारी सकाळची पत्रं मशीनमध्ये उतरली. भागीदाराने पाठवणाऱ्यांची नावं पाहिली आणि उडालाच.

"बाबांच्या जहाजावरून आलंय! अम्मीला बोलावतो."

आमच्या फोनवरून बाहेरगावी लागत नसे, म्हणून तो नाक्यावरच्या बूथवरून मोऱ्याला, शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप द्यायला पळाला. मी सहज पत्रं वाचणारा प्रोग्रॅम उघडून पाहिला. एक ओळ आली. लायब्ररीत अमुक नावाचं सिंबल नाही. यादी मागितली. सिंबल नाही. फाईल हलवायला गेलो. सिंबल नाही. नवे मेंबर जुन्या खानावळीच्या दारात ताटं वाजवत उभे होते, आणि नवी खानावळ शेजारच्या खोलीत तयार होऊन पडली होती, पण ती उचलून आणणारे हमालही उपाशीच. माझ्या कपाळावर घाम आला. एवढा, की खाली कोणी असतं तर पाऊस म्हणून छत्री उघडली असती.

आणि त्याच क्षणी काकांनी गाळ्याचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. ते जिना चढून वर आले, मॉनिटरला हळद-कुंकू लावलं, झेंडूची लांब माळ घातली आणि हात जोडले.

"आता याला हात लावायचा न्हाई. उद्या दसऱ्याला सोनं देऊन झालं की मी स्वतः बटण दाबीन. कळलं का रं?"

"कळलं काका," मी म्हणालो. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या पाया पडलो. ते गहिवरले.

भागीदार परत आला तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने माळेकडे बोट दाखवलं. "पूजेला बसलंय. उद्याशिवाय नाही." तो खाली जाऊन काकांना म्हणाला, "काका, फक्त पाच मिनिटं?" काका म्हणाले, "लेका, माझा बाप गेला त्या साली बी नवमीला मी लेथ फिरवला न्हाई." तो परत वर आला. फुकटच्या पोटमाळ्यावर बसलेल्या माणसाने किती आग्रह करायचा, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळायचं.

दोनच्या सुमाराला त्याची आई आली. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. मोऱ्याहून तुर्भ्यापर्यंत दोन बस आणि एक टमटम, वर दसऱ्याआधीचं ऊन. डोक्यावर पदर घट्ट, हातात कापडी पिशवी. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आमच्यासाठी. दर वेळी आणायच्या.

"अम्मी, आज नाही वाचता येणार," भागीदार म्हणाला. "पूजा आहे."

खालांनी माळ घातलेल्या मशीनकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे मग. आमच्यात पन नमाजला उभ्या मानसाला हाक मारत नाय."

काकांनी स्वतः त्यांच्यासाठी चहा आणला. "वहिनी, उद्या धा वाजता या. पयलं पत्र तुमचं."

"येते की. दाजी, तुमी टेन्शन घेऊ नका."

सगळे किती समजूतदार! फक्त मी सोडून सगळे. मी भाकरीचे तुकडे करून चटणीभोवती नुसते मांडत होतो. लेथ बंद, पंखा बंद. तुर्भ्याचे सगळे गाळे त्या दुपारी गप्प होते, असं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं नाही. शांतता इतकी, की खाडीतली ओहोटी चालत जाताना तिच्या पायांचा आवाज येत होता.

खाला झरोक्यातून त्या पट्टीकडे बघत बसल्या. मग कोणालाच न सांगता सांगू लागल्या.

"मागच्या खेपेला पत्र एक दिस उशिरा गावलं. जहाज दोन राती भायेर उभं व्हतं. मी मोऱ्याच्या बंदरावर मासली घ्यायला गेलते. भायेर दिवे दिसत व्हते. बाराबंदरच्या परक्या जहाजांचे असतील म्हनून मी मोजले बी. सात. मागनं पत्र वाचलं तवा कललं, त्यातला एक यांचा. चौदा म्हयने झाले आता." त्या थोडं हसल्या. "मोजला तर व्हता. पन वलखला नाय."

बस. त्यापुढे पत्र्यातून येणारा उजेड मला पाण्यासारखा वाटेना, खरंच पाणी झाल्यासारखा वाटायला लागला. मी बुडत होतो आणि लांबवर सात दिवे दिसत होते. पत्र त्या डब्यात होतं. त्यात उद्याचं काही असलं तर? उद्या दहा वाजता काका बटण दाबतील, सिंबल नाही अशी ओळ येईल, आणि मग मी अजून एक गोष्ट रचीन. मला येतात. त्याचीच भीती वाटली.

"काका," मी म्हणालो, "हे मशीन मोडलंय."

"म्हंजी?"

"मी मोडलंय. पूजेच्या आधीच. तुम्ही स्विच ओढलात म्हणून झाकलं गेलं. पूजेसाठी बंद आहे हे खोटं. उद्याही ते चालणार नाही."

भागीदाराने माझ्याकडे पाहिलं. तो शिव्या देत नसे, त्यामुळे ते पाहणं फार लांबलं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मोडलंय म्हंजी, खंडित?"

"खंडित."

"आरं मग मला खंडित हत्याराला हळद लावाय लावलीस? आँ? तुझ्या आयला!" ते ताडकन उठले. लगेच खालांकडे वळून म्हणाले, "माफ करा वहिनी." त्यांनी मॉनिटरवरची माळ काढली, कुंकू बोटाने पुसलं, आणि खाली जाऊन मेन स्विच वर ढकलला. जिन्यातूनच ओरडले, "खंडित हत्यार पूजेत चालत न्हाई! ते दुरुस्तीला असतंय, आणि दुरुस्तीला नवमी न्हाई आन् अमावस्या न्हाई! लाव हात, गाढवा!"

मशीन सुरू झालं. म्हणजे कण्हत, ओळीमागून ओळ तक्रार करत, कसंबसं उठून बसलं. शेवटी काळ्या पडद्यावर एक चौकोनी ठिपका लुकलुकू लागला. मी दुरुस्तीला भिडलो. नवी खानावळ उचलून आणायची, पण उचलणारा मुका. सीडीबरोबरची फ्लॉपी हवी, ती माझ्या खोलीवर, कोपरखैरण्याला. जाऊन येऊन, सगळं बसवून, संध्याकाळ झाली असती, आणि खालांची मोऱ्याकडे जाणारी बस पाचची. मी एक तास झटलो. एक तासात मी जेवढे उपाय केले तेवढे धन्वंतरीने जन्मात केले नसतील. सिंबल नाही, सिंबल नाही, सिंबल नाही.

खाला मागे येऊन उभ्या राहिल्या. "पोरा, तू काय करतोस?"

"मशीन नीट करतोय, खाला."

"मशीन मागनं नीट कर. मला मशीन नाय ऐकायचं. पत्र ऐकायचं हाय."

मी हात थांबवले. तो लुकलुकणारा ठिपका. तो कोणाचा? तो दारावरचा रखवालदार होता, आपण टाइप केलेले हुकूम ऐकणारा. सकाळी मी त्यालाही बदलायला गेलो होतो, पण तो त्या वेळी माझंच काम करत होता, आणि कामावर असलेल्याला मशीन बदलू देत नाही. म्हणून तो जुनाच राहिला होता. जुना रखवालदार, जुनी खानावळ. त्याचं पोट भरलेलं. त्याला फाईल उचलता येत नव्हती, हलवता येत नव्हती, यादी सांगता येत नव्हती. पण त्याच्या अंगात दोन कला होत्या: कुठल्याही फायलीतली एक ओळ वाचायची, आणि ती पडद्यावर म्हणून दाखवायची. एवढंच. एका वेळी एकच ओळ.

मी हुकूम दिला. पहिली ओळ आली. ती दुसऱ्याच कोणाच्या तरी पत्राची होती.

"सकाळची सगळी पत्रं एकाखाली एक आहेत," भागीदार हळूच म्हणाला. "आपलं शेवटी असणार."

नियमाचं काय? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांनी न सांगता भिंतीकडे तोंड केलं. खालांनी डोळ्यांवर पदर घेतला. मी पडद्याच्या वरच्या कडेकडे बघत बटण दाबत राहिलो, आणि लोकांची पत्रं आमच्या समोरून ओळीओळीने गेली, जशी रात्री लांबून होड्या जाताना दिसतात. कोण आहे ते कळत नाही, फक्त काहीतरी पेटलेलं सरकतं. लोणच्याचा काहीतरी उल्लेख होता. तो माझ्या नजरेला पडला, माझा इलाज नव्हता.

मग भागीदार म्हणाला, "थांब. हे आपलं."

आधी शिक्के. पत्र कुठून निघालं, कुठे थांबलं, कोणी पुढे ढकललं. दहा-बारा ओळी नुसता प्रवास. जहाजावरच्या वायरलेसवाल्याने टाइप केलेलं, विरामचिन्हं नावालाही नाहीत. आईच्या नावाचं पत्र, म्हणून भागीदाराने तिच्या कानाशी वाकून वाचलं, एकेक ओळ, आणि मी एकेक बटण.

"सलाम सगळ्यांना मी बरा आहे गुडघा सोडून"

"जहाज मुंबईत आत येणार नाही बाहेरच उभं"

"राहील पाणी आणि शिधा भरून पुढे जाईल"

खालांनी डोळे मिटले. मी बटण दाबलं.

"पण कंपनीची लाँच गुरुवारी सकाळी भाऊच्या"

"धक्क्याला येणार आहे मला तीन तास दिलेत"

"आठ ते अकरा तू ये"

पुढे अजून दोन ओळी होत्या. भागीदार त्या वाचायला लागला आणि थांबला, म्हणाला, "अम्मी, या तू बघ." खालांना वाचता येत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्यांनी पडद्यावरच्या त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. त्या ओळींत काय होतं ते मला माहीत आहे, पण इथे मी पोस्टमन आहे.

"गुरुवार कंदी?" खालांनी विचारलं.

"उद्या, वहिनी," काका भिंतीकडे बघूनच म्हणाले. "उद्या दसरा." आणि मग, जरा वेळाने, "मी धा वाजता या म्हनलो व्हतो."

अकरा वाजता लाँच परत गेली असती, आणि आम्ही दहा वाजता इथे सोनं वाटत बसलो असतो.

खाला निघाल्या तेव्हा काकांनी उतरवलेली माळ कोपऱ्यात पडली होती. खंडितावरची माळ दुसऱ्या हत्याराला चालत नाही, फेकायची म्हणत होते. "मला द्या की," खाला म्हणाल्या, आणि ती भाकऱ्यांच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून ठेवली. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून माझ्याकडे वळल्या.

"पूजेपायी बंद नव्हतं, ते मी आले तवाच कललं व्हतं. भाकरी बघून तू पयल्यांदा गप बसलास."

"मग बोलला का नाहीत, खाला?"

"तू बोलतोस का ते बघत व्हते."

दसऱ्याच्या सकाळी मी फ्लॉपी घेऊन पोटमाळ्यावर होतो. आधी खानावळ, मग मेंबर. तासाभरात सगळे जेवू लागले. काकांनी पुन्हा हळद-कुंकू लावलं, नवी माळ घातली, माझ्या हातात आपट्याचं पान ठेवलं, आणि माझा कान धरून पिळला, एकाच वेळी.

भागीदार दुपारी आला. मोऱ्याहून पहिल्या लाँचने ते धक्क्याला पोचले, तेव्हा बाबा आधीच उभे होते. दोघं माशांच्या एका उपड्या पाटीवर बसले. काय बोलले ते त्याला माहीत नाही. त्याला त्यांनी चार वेळा चहा आणायला पाठवलं. बाबा निघताना अम्मीने पिशवीतून माळ काढली आणि कंपनीच्या लाँचवाल्याला विचारून लाँचच्या नाळीला, पुढच्या टोकाला, बांधली. दसऱ्याला सगळ्याच होड्यांना बांधतात, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

त्या दिवशी अकरा वाजता मी वाशीच्या खाडीपुलावर उभा होतो. भरती पूर्ण भरली होती, ऊन इतकं की पाणी आणि आभाळ एकमेकांत विरघळलं होतं. आणि त्या पांढऱ्या उजेडात, फार लांब, एक लाँच बाहेरच्या समुद्राकडे चालली होती, पुढे पिवळ्याधमक झेंडूची रेघ. मी ती पाहिली. त्या पुलावरून भाऊचा धक्का दिसत नाही, मधे अख्खी खाडी आणि डोंगर येतात, हे मला आजवर शंभर जणांनी सांगितलंय. भागीदार तर म्हणतो, त्या वेळी तू पोटमाळ्यावरच होतास. असेन. पण माळ दिसत होती.